दुसऱ्या कंपनीचं कार्ट्रिज घातलं की प्रिंटर अडून बसतो. काय करावं?

कातळसडा

मंडळी, मदत हवी आहे. आंब्याचा हंगाम तोंडावर आला आहे आणि घरचा प्रिंटर छापायलाच तयार नाही.

आम्ही देवगडजवळ सड्यावर राहतो. स्वतःची कलमं आहेत, पेट्या थेट गिऱ्हाइकांना पुण्या-मुंबईला पाठवतो. पेटीवरची पत्त्याची चिठ्ठी, पावती, आंबा कसा पिकवायचा याची माहिती देणारा कागद, सगळं घरीच छापते. एरवी मुलीचे शाळेचे प्रकल्प असतातच. प्रिंटर साधा इंकजेट, वाय-फायवर चालणारा. चार रंगांची चार वेगवेगळी कार्ट्रिजं बसतात. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण शोधाशोध केल्यावर कळलं की हे एकाच कंपनीचं दुखणं नाही.

गेल्या हंगामात कंपनीची शाई संपली तेव्हा कणकवलीहून 'कंपॅटिबल' म्हणून मिळणारी दुसऱ्या कंपनीची कार्ट्रिजं आणली. किंमत निम्म्याहून कमी. अख्खा हंगाम त्यावर निघाला, पुढे गणपतीत वाडीच्या भजनाची पत्रकंही छापली. अक्षरात काही फरक दिसला नाही. आता त्याच दुकानातून तसंच काळं कार्ट्रिज आणून घातलं, तर पडद्यावर संदेश येतो की यात कंपनीची चिप नाही, म्हणून हे कार्ट्रिज अडवलं आहे. प्रिंटर तोच, कार्ट्रिजही तेच, मग मधल्या काळात बदललं काय? यातून बाहेर पडायचा मार्ग आहे का, की कंपनीचीच शाई घ्यावी लागणार? पेट्या भरायला लागायच्या आत ठरवायला हवं.

खाडीकाठ

ताई, आधी ता काट्रिज भायर काड आणि तेची तांब्याची पट्टी नीट बघ. आपल्याकडे खाऱ्या वाऱ्यान तेच्यार हिरवा चढता. माझो प्रिंटर पण असोच अडान बसललो. पट्टी पुसलंय, सुकवलंय, परत घातलंय, आणि चालू झालो. नवीन घेवच्या आधी ह्या करून बघ.

टोनरवाला

खाडीकाठ म्हणतात ते आधी करायचंच. माझं कुडाळला दुरुस्तीचं दुकान आहे, आणि 'प्रिंटर कार्ट्रिज घेत नाही' म्हणून जेवढी मशीन येतात त्यातली बरीच निव्वळ दमटपणामुळे आलेली असतात. कार्ट्रिजवरच्या चिपच्या पट्टीवर सोन्याचा अगदी पातळ मुलामा असतो. काढता-घालताना तो खरवडला गेला की खालचं तांबं उघडं पडतं, आणि समुद्राजवळ ते फार दिवस लाल राहत नाही.

पण ताई, तुमचा संदेश वाचून मला ते दुखणं वाटत नाही. दोन्हींतला फरक असा. पट्टी खराब असेल तर संदेश मोघम असतो, 'कार्ट्रिज नाही' किंवा 'कार्ट्रिजमध्ये अडचण' असा. तो येतो-जातो, प्रिंटर बंद करून चालू केला की कधीकधी गायब होतो, आणि कंपनीचं कार्ट्रिज घातलं तरी येऊ शकतो. चिपचा अडसर असेल तर संदेशात चिपचा किंवा फर्मवेअरचा (प्रिंटरच्या आतल्या प्रणालीचा) स्पष्ट उल्लेख असतो, तो दर वेळी तसाच येतो, आणि कंपनीचं कार्ट्रिज घातलं की लगेच नाहीसा होतो. म्हणून पडद्यावर काय लिहिलंय ते अक्षर न् अक्षर वाचा, मोबाइलवर फोटो काढून ठेवा. दुकानात येणारे लोक 'काहीतरी एरर येतो' एवढंच सांगतात, आणि तिथेच अर्धा वेळ जातो.

पट्टी पुसायला मेडिकलमध्ये मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा. हात धुवायचं सॅनिटायझर नको, त्यात बहुतेक वेळा ग्लिसरीन असतं, ते मागे चिकट थर ठेवतं. कापूसही नको, तंतू अडकतात. चष्मा पुसायचं कापड उत्तम. आणि कार्ट्रिजएवढंच महत्त्वाचं म्हणजे प्रिंटरच्या आतल्या पिना. त्या लोक विसरतात.

कातळसडा

दोघांचे आभार. सांगितलंत तसं केलं. खिडकीपाशी उजेडात धरून पाहिलं तर नव्या कार्ट्रिजची चिप लख्ख होती. आतल्या पिनांपैकी दोन मात्र कडेला काळपट-हिरव्या झालेल्या दिसल्या. कापडाचं टोक अल्कोहोलमध्ये बुडवून, पिळून, एकेका पिनेवरून हलकेच वरून खाली फिरवलं. कापडावर हिरवट रेघ उमटली. पिना वाळू दिल्या, मग कार्ट्रिज बसवलं. संदेश तोच.

मग ड्रॉवरमधलं कंपनीचं जुनं रिकामं काळं कार्ट्रिज काढून घातलं. प्रिंटरने ते लगेच ओळखलं. शाई संपली आहे एवढंच म्हणाला, अडवलं नाही. म्हणजे टोनरवाला म्हणतात तेच.

टोनरवाला

जुनं कार्ट्रिज ठेवलंत हे फार चांगलं केलंत. ते का, ते पुढे सांगतो. आधी मधल्या काळात काय बदललं ते.

प्रिंटरच्या आत त्याची स्वतःची प्रणाली असते, फर्मवेअर. प्रिंटर वाय-फायवर असला की तो कंपनीच्या सर्व्हरशी बोलतो आणि नवी आवृत्ती आली की, पर्याय बंद केला नसेल तर, आपली आपण चढवून घेतो. त्या आवृत्तीत कोणत्या चिपा चालवायच्या आणि कोणत्या नाहीत याचे नियम बदललेले असू शकतात. तुमचं कार्ट्रिज बदललेलं नाही, प्रिंटरचे नियम बदलले.

हे मी अंदाजाने सांगत नाही. जगभर गाजलेलं उदाहरण एचपीचं. १३ सप्टेंबर २०१६ ला त्यांच्या ऑफिसजेट मालिकेतल्या अनेक प्रिंटरांनी बाहेरची कार्ट्रिजं घेणं बंद केलं. ओरड इतकी झाली की त्याच महिन्याच्या अखेरीस कंपनीने, लोकांना नीट कळवायला हवं होतं असं म्हणत माफी मागितली आणि हा अडसर काढणारं फर्मवेअर देऊ केलं. पण पद्धत थांबली नाही, 'डायनॅमिक सिक्युरिटी' या नावाने ती पुढच्या मॉडेलांत राहिली. इटलीच्या स्पर्धा नियामकाने डिसेंबर २०२० मध्ये याच कारणावरून एचपीला १ कोटी युरोंचा दंड केला. ग्राहकाला विकताना ही बंधनं स्पष्ट सांगितली नाहीत, हा त्यातला मुख्य मुद्दा. दुसऱ्या बाजूने पाहा: २०२२ च्या सुरुवातीला चिपांचा जागतिक तुटवडा झाला, तेव्हा कॅननला आपल्या काही ऑफिस मशीनची टोनर कार्ट्रिजं चिपशिवाय विकावी लागली, आणि 'खरं कार्ट्रिज नाही' अशा संदेशाकडे दुर्लक्ष करून पुढे कसं जायचं हे कंपनीच ग्राहकांना सांगत होती. छपाईला चिप लागत नाही हे त्यातून सगळ्यांना दिसलं.

आता उपाय. चढलेलं फर्मवेअर बहुतेक नव्या मॉडेलांत मागे नेता येत नाही, त्यात वेळ घालवू नका. पण पुढचं थांबवा. प्रिंटरवरून नेटवर्कची माहिती छापा, त्यातला आयपी पत्ता ब्राउझरमध्ये टाका, प्रिंटरचं स्वतःचं पान उघडेल. तिथे अपडेटच्या भागात 'आपोआप तपासू नका' असा पर्याय असतो, तो निवडा. संगणकावर आणि मोबाइलवर कंपनीचं ॲप असेल तर त्याने अपडेट विचारलं की नाही म्हणा. वाय-फायची फार गरज नसेल तर यूएसबीवर आणा.

दुसरं, दुकानदाराशी बोला. कंपॅटिबल बनवणारेही नव्या फर्मवेअरवर चालणाऱ्या चिपा काढत राहतात. जुना साठा परत घेऊन नव्या चिपचा माल देणारे दुकानदार आहेत.

आणि तिसरं, ते जुनं कार्ट्रिज. तुमची चार वेगवेगळी टाकीवजा कार्ट्रिजं आहेत, म्हणजे चिप बाहेरच्या अंगाला चिकटवलेली असणार. जुन्या कार्ट्रिजवरची कंपनीची चिप पातळ ब्लेडने अलगद उचला, कंपॅटिबलवरची काढा, तिच्या जागी ही दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या पातळ टेपने बसवा. दिशा आणि जागा तंतोतंत तीच हवी, केसभर सरकली तर पिना लागत नाहीत. बसवण्याआधी मूळ जागेचा फोटो काढा. यानंतर शाईची पातळी कायम रिकामी दाखवेल, तिकडे लक्ष द्यायचं नाही. अक्षर फिकट व्हायला लागलं की भरायची वेळ झाली. काही कंपन्यांच्या चिपांत मात्र 'संपली' ही नोंद पक्की होते आणि प्रिंटर पुढे जाऊच देत नाही, त्यांना ती नोंद पुसणारा वेगळा रिसेटर लागतो. तुमचा प्रिंटर 'शाई संपली' म्हणून पुढे जायला परवानगी देतोय का, ते आधी ओके दाबून पाहा.

मस्कतहून

आखातात नोकरी करणाऱ्यांच्या घरांसाठी एक गोष्ट सांगतो, कारण दापोली-खेडपासून खाली राजापूरपर्यंत ती उपयोगी पडेल. मी सुट्टीवर येताना इथून कंपनीची अस्सल, सीलबंद कार्ट्रिजं घेऊन आलो होतो. घरच्या प्रिंटरने ती घेतली नाहीत. संदेश असा की ही कार्ट्रिजं या विभागासाठी नाहीत. काही कंपन्या कार्ट्रिजांना देशांच्या गटानुसार विभाग ठरवून देतात, आणि प्रिंटरही सुरुवातीच्या कार्ट्रिजांवरून आपला विभाग ठरवून बसतो. म्हणजे अस्सल घेऊनही अडकायला होतं. तिकडून आणायचीच असतील तर आधी विभाग तपासा. गाव कायमचं बदललं असेल तर कंपनीच्या मदत केंद्राकडून विभाग बदलून मिळू शकतो.

निवृत्त मास्तर

थोडं वेगळं मत मांडतो. कंपन्या शाईवर संशोधन करतात, त्याचा खर्च कुठून तरी निघायला हवा. प्रिंटर स्वस्तात देतात तो शाईच्या भरवशावर. शिवाय माझ्या घरी बाहेरच्या शाईने प्रिंटरचं शाई सोडणारं हेड तुंबून बसलं होतं, तेव्हापासून मी अस्सलच घेतो.

आणि अपडेट बंद करा हा सल्ला सरसकट देऊ नये. २०१८ मध्ये चेक पॉइंट या संगणक-सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी एका ऑल-इन-वन प्रिंटरमध्ये निव्वळ फॅक्स पाठवून शिरता येतं हे दाखवून दिलं होतं, आणि ते भोक फर्मवेअरनेच बुजवलं गेलं. प्रिंटर घरच्या नेटवर्कवर असतो, त्याच नेटवर्कवर आपल्या बँकेचे व्यवहार चालतात.

कातळसडा

मास्तर, सुरक्षेचा मुद्दा मला पटतो. म्हणूनच प्रिंटर यूएसबीवर घेतला आणि वाय-फाय बंद केलं. सोय गेली, पण ती जोखीमही गेली. खरं तर माझी तक्रार इथेच आहे. सुरक्षेची दुरुस्ती आणि शाईचं बंधन एकाच गाठोड्यात बांधून दिलं जातं. एक हवं तर दुसरं घ्यावंच लागतं. ती वेगवेगळी दिली असती तर मी सुरक्षेचं अपडेट त्याच दिवशी घेतलं असतं.

शाईचा खर्च शाईतून वसूल करायचा तर तो सौदा विकताना सांगावा. 'या प्रिंटरला आमचीच शाई लागेल' असं खोक्यावर ठळक छापलं असतं, तर मी विचार करून घेतला असता किंवा घेतला नसता. मला राग येतो तो विक्रीनंतर नियम बदलण्याचा. बागेला पंप घेतला तर पुढच्या वर्षी कंपनी येऊन कोणत्या विहिरीचं पाणी उपसायचं हे सांगत नाही. पेटीमागे पुठ्ठा, पेंढा, गाडीभाडं असा एकेक खर्च आम्ही मोजतो. गिऱ्हाइकाला एकदा भाव सांगितला की पेटी पोहोचल्यावर आम्ही तो वाढवत नाही. तेवढीच अपेक्षा मी प्रिंटर विकणाऱ्याकडून करते.

टोनरवाला

मास्तरांचं हेड बसलं ते खोटं नाही, वाईट शाई असतेच. पण दोन गोष्टी वेगळ्या ठेवू या. दुसऱ्या कंपनीचं नाव छापून विकलेलं कंपॅटिबल कार्ट्रिज हा सरळ व्यवहार आहे. मूळ कंपनीचं हुबेहूब खोकं करून आत भलतीच शाई भरणं ही फसवणूक आहे. अस्सल म्हणून अर्ध्या किमतीत मिळतं ते बहुतेक दुसऱ्या प्रकारचं. आणि हेड बसण्याचं आपल्याकडे आणखी एक मोठं कारण आहे, लाईट. छापताना लाईट गेली की हेड मधेच उघडं राहतं, झाकणात परत जात नाही, आणि शाई तोंडाशी वाळते. लाईट आली की प्रिंटर चालू करून हेड जागेवर जाऊ द्या. बंद करताना नेहमी प्रिंटरच्याच बटणाने बंद करा, बोर्डाच्या स्विचने नको.

कायदा कोपरा

कायद्याच्या बाजूने बोलते, कारण 'काही करता येत नाही' असं समजून लोक गप्प बसतात.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ३० मे २०१७ ला लेक्समार्क या प्रिंटर कंपनीच्या खटल्यात निकाल दिला की, कार्ट्रिज एकदा विकलं की त्यावरचा पेटंटचा हक्क संपतो. कोणी ते भरून परत विकलं तर पेटंटच्या जोरावर अडवता येणार नाही. पण तो निकाल पेटंटपुरता आहे. चिपने अडवू नका असं त्यात म्हटलेलं नाही, हे नीट लक्षात घ्या. निकाल कागदावर आपल्या बाजूचा आणि कुलूप मशीनमध्ये, अशी तिथल्या ग्राहकांचीही स्थिती आहे.

आपल्याकडे याच्या जवळ जाणारा निर्णय गाड्यांच्या सुट्या भागांचा. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड केला, कारण बाहेरच्या गॅरेजांना सुटे भाग आणि तपासणीची साधनं मोकळेपणाने मिळत नव्हती. दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये समिती नेमली आणि २४ डिसेंबर २०२२ ला पोर्टल सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती टिकाऊ उपकरणं आणि वाहनं ही त्यातली क्षेत्रं.

तुमच्यासाठी हाताशी असलेला रस्ता म्हणजे २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा. वस्तूबद्दलची महत्त्वाची माहिती लपवून ती विकणं अनुचित व्यापारी प्रथेत बसतं असा युक्तिवाद करता येतो. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथून कंपनीला विचारणा जाते आणि अनेकदा तिथेच मिटतं. नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार. तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात दाखल करता येते, कंपनीचं ऑफिस कुठेही असो, आणि मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर दाखल करायला फी नाही. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. पावती, खोक्याच्या सगळ्या बाजूंचे फोटो आणि पडद्यावरच्या संदेशाचा फोटो जपून ठेवा. 'अपडेटआधी हेच कार्ट्रिज चालत होतं' हे दाखवणारी जुन्या कार्ट्रिजची पावती सगळ्यांत मोलाची.

गुहागरी

मी केंद्र चालवतो, दिवसभर सातबारा, आठ अ, दाखले छापत असतो. ताईंच्या प्रिंटरचं काय व्हायचं ते होईल, पण पुढचा घ्यायची वेळ आली तर माझा अनुभव.

काळी छपाई जास्त असेल तर जुने साधे लेझर अजून राजे आहेत. कॅननचा एलबीपी २९०० किंवा एचपीचा १०२०, दोन्हींच्या टोनर कार्ट्रिजला चिपच नाही. संपलं की टोनर भरा, चालवा. जुने प्रिंटर तपासून घेतले की वर्षानुवर्षं चालतात. ब्रदरच्या बऱ्याच टोनरमध्ये चिपऐवजी एक छोटं दातेरी चाक असतं, ते फिरवून जागेवर आणलं की झालं. आपल्या पावसात लेझरचा आणखी एक फायदा आहे. टोनर म्हणजे प्लास्टिकची भुकटी, ती उष्णतेने कागदावर वितळवून बसवलेली असते, म्हणून दाखल्यावर थेंब पडला तरी अक्षर पसरत नाही.

रंगीत हवं असेल तर शाईच्या टाकीचे प्रिंटर घ्या, बाटलीने ओतायची शाई. एप्सनने ते २०१० मध्ये पहिल्यांदा इंडोनेशियात आणले, कारण तिथले लोक साध्या प्रिंटरला बाहेरून नळ्या लावून बाटल्या जोडतच होते. आपल्याकडेही तेच चालायचं. विकत घेताना पहिला खर्च जास्त, पण पानामागचा खर्च फार कमी. फक्त रोज नाही तरी आठवड्याला एक रंगीत पान काढा, नाहीतर नळ्यांत शाई सुकते. वाया गेलेली शाई शोषणारा पॅड भरला की प्रिंटर थांबतो, तो बदलून घ्यावा लागतो, हेही माहीत असू द्या.

आणि ताई, नुसत्या पेटीवरच्या चिठ्ठ्यांसाठी कुरिअरवाले वापरतात तसा थर्मल लेबल प्रिंटर पाहा. त्याला शाईच लागत नाही. उन्हात आणि उष्णतेत त्या चिठ्ठ्या काळवंडतात किंवा फिकट होतात, पण पेटी दोन-तीन दिवसांत पोहोचते, तेवढं टिकतं.

खाडीकाठ

गुहागरीभाऊ, कागदाचा पण सांगा. पावसात कागद ओलो होऊन दोन-दोन एकदम ओढता.

गुहागरी

कागदाचं उघडं रीम कधीच बाहेर ठेवत नाही. झाकणाच्या प्लास्टिक डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. रात्री ट्रेमधला कागदही काढून डब्यात घालतो. दमट कागद लेझरमध्ये गेला की वाफ धरतो, वळतो आणि अडकतो, आणि लोक रोलर खराब झाला म्हणून मशीन उघडत बसतात.

कातळसडा

काय झालं ते कळवते.

ओके दाबल्यावर प्रिंटर 'शाई संपली' या संदेशाच्या पुढे गेला, म्हणून चिप बदलायचं धाडस केलं. जुन्या कार्ट्रिजवरची चिप निघाली, पण ब्लेड एका कोपऱ्यातून आत घालून अगदी थोडं थोडं पुढे न्यावं लागलं. घाई केली असती तर वाकली असती. प्लास्टिकवर दोन बारीक खुंट्या होत्या, चिपच्या भोकांत बसणाऱ्या. त्या न मोडता काढल्यामुळे नव्यावर जागा आपोआप जुळली. पातळी रिकामी दाखवतो, त्रिकोणी खूण लुकलुकते, पण छापतो. चिठ्ठ्या निघाल्या, काळं अक्षर ठसठशीत आहे. बाकीच्या तीन रंगांची जुनी कार्ट्रिजं माझ्याकडे नाहीत. वाडीतल्या एका घरी तसाच प्रिंटर आहे, त्यांना संपलेली फेकू नका म्हणून सांगून ठेवलंय. टोनरवाला, दुसऱ्या प्रिंटरमधून आलेली चिप माझ्याकडे चालेल ना?

कणकवलीच्या दुकानदाराला संदेशाचा फोटो पाठवला. न चाललेलं कार्ट्रिज बदलून नव्या चिपचं देतो म्हणाले. १९१५ वर तक्रार नोंदवली, क्रमांक मिळाला. तक्रारीत पैसे परत मागितले नाहीत. शाईचं बंधन नसलेलं फर्मवेअर द्या आणि खोक्यावर हे बंधन मराठीत छापा, एवढंच मागितलं आहे.

टोनरवाला

चालेल, पण एक अट. त्या घरच्या प्रिंटरमध्ये कार्ट्रिज संरक्षणाचा पर्याय चालू असेल तर त्यात वापरलेली चिप त्या एका प्रिंटरलाच बांधली जाते, दुसरीकडे कधीच चालत नाही. नंतर पर्याय बंद करूनही आधी बांधलेली चिप सुटत नाही. म्हणून त्यांना आत्ताच प्रिंटरच्या पानावर जाऊन तो बंद करायला सांगा, म्हणजे पुढच्या वेळी घालतील ती कार्ट्रिजं तुमच्या कामाला येतील. तुमच्या प्रिंटरमध्येही तेवढं बघून घ्या. आणि नवं कार्ट्रिज दुकानातून घेताना खोक्यावर कोणत्या फर्मवेअरपर्यंत चालतं ते विचारा, पावतीवर 'न चालल्यास बदलून' असं लिहून घ्या.